स्त्रीच्या हृदयाची दखल : एका जागृतीचा इतिहास

गेल्या वर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे नववीचा एक तास मला घ्यावा लागला. फळ्यावर हृदयाची आकृती अगोदरच काढलेली होती. मी इतिहासाचा शिक्षक. कप्पे आणि झडपा समजावण्याच्या फंदात न पडता मी मुलांना सहज विचारले, "तुमच्या घरात, नात्यात हृदयाचा विकार कोणाकोणाला झाला आहे?" बरेच हात वर आले. कोणी अब्बांचे नाव घेतले, कोणी चाचांचे, कोणी नानांचे. अम्मीचे, खालाचे किंवा दादीचे नाव एकानेही घेतले नाही. मुलींनीसुद्धा नाही.

मग मी प्रश्न बदलला. "जिना चढताना घरात दम कोणाला लागतो? संध्याकाळी पायांवर सूज कोणाच्या येते? रक्तदाबाची गोळी आणायला पैसे नाहीत म्हणून कोण ती दोन-दोन दिवस घेत नाही?" आता मात्र वर्गात अम्मी आणि दादी ह्यांच्याखेरीज दुसरे नाव क्वचितच ऐकू आले.

एकाच वर्गात, पाच मिनिटांच्या अंतराने मिळालेल्या ह्या दोन उत्तरांनी मला विचार करावयास लावले. दम अम्मीला लागतो, पण हृदयविकार मात्र अब्बांचा, ही समजूत मुलांच्या मनात आली कोठून? ही आपल्याच घराची किंवा आपल्याच समाजाची चूक आहे काय? शोध घेता असे दिसून आले की, ही चूक जगातील मोठमोठ्या विद्वानांनीही केली, ती दुरुस्त होण्यास अर्धे शतक लागले आणि त्या दुरुस्तीसाठी माहिती व पैसा, दोन्हींची मोहीम उभारावी लागली. तो इतिहास पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. मी वैद्य नाही. औषधाचा सल्ला मी देणार नाही. परंतु इतिहासातून जे शिकता येते ते सांगण्याचा अधिकार शिक्षकाला असतो, असे मी मानतो.

नवऱ्याच्या हृदयाची काळजी

गोष्ट अमेरिकेपासून सुरू करावी लागते, कारण हृदयविकाराचा पद्धतशीर अभ्यास आणि त्यासाठी लोकवर्गणी ह्या दोन्ही गोष्टी तेथे मोठ्या प्रमाणावर झाल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशन ही संस्था १९२४ साली काही हृदयतज्ज्ञांनी स्थापन केली. प्रारंभी ती डॉक्टरांपुरतीच होती. १९४८ पासून तिने सामान्य नागरिकांना आपल्यात सामावून घेतले आणि निधीसाठी ती लोकांच्या दारात गेली. घरोघर फिरून वर्गणी जमविणाऱ्या स्वयंसेवकांत गृहिणीही होत्या.

त्याच १९४८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात एक पाहणी सुरू झाली. तीस ते बासष्ट वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद घेऊन ठरावीक काळाने त्यांची तपासणी करावयाची आणि कोणाला, कशामुळे हृदयविकार होतो हे पाहावयाचे, असा तो उपक्रम होता. रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान ह्यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्या ज्ञानाचा फार मोठा भाग ह्या गावाने जगाला दिला. विशेष म्हणजे ह्या पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या.

असे असूनही समजूत मात्र उलटी रुजली. तिला कारणे होती. स्त्रियांना हृदयविकाराचा झटका पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षे उशिरा येतो. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतील रुग्ण मोजले तर पुरुषच अधिक दिसत. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ख्यातनाम डॉक्टर पॉल डडली व्हाईट ह्यांनी वार्ताहरांपुढे तो आजार सोप्या भाषेत समजावून सांगितला. साऱ्या देशाने तो ऐकला, आणि हृदयविकार म्हणजे मोठ्या जबाबदारीच्या, कामाच्या ओझ्याखालील पुरुषाचा रोग, हे चित्र लोकांच्या मनात पक्के बसले. "उशिरा येतो" ह्याचा अर्थ हळूहळू "येतच नाही" असा झाला.

ह्या समजुतीचा कळस १९६४ साली पाहावयास मिळतो. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे हृदयरोगावर खास स्त्रियांसाठी परिषद भरली. स्त्रियांसाठी भरलेली ही पहिलीच अशी परिषद होती. पण तिचे नाव काय होते? मराठीत सांगावयाचे तर 'हृदये आणि पती'. बायकांनी नवऱ्याच्या हृदयाची काळजी कशी घ्यावी, त्याला काय खाऊ घालावे, हे त्यांना तेथे शिकविण्यात आले. सभागृहात बसलेल्या स्त्रियांच्या छातीतही हृदय आहे, ह्याची आठवण संयोजकांना झाली नाही. आपण हसू नये. आपल्याकडेही "ह्यांच्या भाजीत तेल कमी घाला" असे बायकोला सांगितले जाते. ती स्वतः काय खाते, हे मात्र कोणी विचारत नाही.

दिल्लीतील एक दवाखाना

आता थोडे आपल्या देशाकडे वळू. अमेरिकेत स्त्रियांचे हृदय दुर्लक्षिले जात असताना दिल्लीत एक डॉक्टर ते नेमाने तपासत होत्या. त्यांचे नाव डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला आणि वैद्यकीय शिक्षण रंगून येथे झाले. १९४२ साली जपानने ब्रह्मदेशावर स्वारी केली तेव्हा आई व बहिणींसह त्या देश सोडून कोईमतूरला आल्या. घर गेले, पण शिक्षण बरोबर आले. विद्यार्थिनींनी हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

युद्ध संपल्यावर त्या लंडनला गेल्या आणि तेथून अमेरिकेला. बाल्टिमोर येथे त्यांना डॉ. हेलन टॉसिग ह्यांच्या हाताखाली शिकता आले. टॉसिगबाईंना ऐकू कमी येत असे, म्हणून त्या बालकांच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाचे ठोके जाणून घेत. पुढे हार्वर्ड विद्यापीठात पद्मावतींना गुरू लाभले ते वर उल्लेखिलेले पॉल डडली व्हाईट. एवढे शिक्षण घेऊन त्या १९५३ साली दिल्लीस परतल्या आणि लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तेथे हृदयरोगाचा स्वतंत्र दवाखाना सुरू केला.

हे महाविद्यालय १९१६ साली मुद्दाम स्त्रियांसाठी काढलेले होते. पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांची सोय व्हावी, हा त्यामागील एक उद्देश होता. त्यामुळे पद्मावतींसमोर येणारे रुग्ण स्त्रियाच असत. ज्या ठिकाणी फक्त पुरुष तपासले जातात तेथे रोग पुरुषांचा ठरतो. येथे स्त्रिया तपासल्या जात होत्या, म्हणून स्त्रियांचा रोग दिसला.

काय दिसले? दोन गोष्टी प्रामुख्याने सांगण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट चुलीच्या धुराची. १९५९ साली पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक ह्यांनी दिल्लीतील १२७ रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. फुप्फुसे खराब झाली की त्यांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो, ती बाजू फुगते आणि शेवटी थकते. पाश्चात्त्य देशांत हा विकार मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत आढळे. दिल्लीत मात्र तो स्त्रियांत जवळजवळ पुरुषांइतकाच आढळला, आणि तोही कमी वयात. ह्या स्त्रियांपैकी फारच थोड्या धूम्रपान करीत. मग धूर आला कोठून? तो चुलीतून आला. शेणाच्या गोवऱ्या आणि लाकूड जाळून बंद खोलीत वर्षानुवर्षे केलेल्या स्वयंपाकाने त्यांची फुप्फुसे आणि पाठोपाठ हृदय निकामी होत होते. घरच्यांना वाटे, बाईला दमा आहे.

दुसरी गोष्ट संधिवाताच्या तापातून होणाऱ्या हृदयविकाराची. साधारण पाच ते पंधरा ह्या वयात मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूमुळे दुखतो. बहुतेक मुले बरी होतात. काहींना मात्र दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आणि शरीराची जंतूंशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. झडप हळूहळू जाड व अरुंद होते. मुलगी मोठी होते, तिचे लग्न होते, कोणास काही कळत नाही. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. हे वाढलेले रक्त अरुंद झडपेतून पुढे जात नाही, आणि विशीतील सून धापा टाकू लागते. सासरचे म्हणतात, पोर नाजूक आहे. वस्तुतः घसादुखीवर वेळीच पेनिसिलीन मिळाले तर हा ताप टळतो. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने इंजेक्शन देत राहिल्यास झडपांचे पुढील नुकसान टाळता येते.

रोग कळला, पण उपचारासाठी पैसा हवा होता. एकट्या सरकारी तिजोरीवर विसंबून हे काम होणार नाही, हे पद्मावतींनी ओळखले. १९६२ साली त्यांनी डॉक्टर व उद्योगपती ह्यांना एकत्र आणून ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. जनजागृती, संशोधन आणि उपचार ही तिची उद्दिष्टे होती. १९६६ साली हृदयतज्ज्ञांची जागतिक परिषद नवी दिल्ली येथे भरली, तिच्या प्रमुख संयोजकांत त्या होत्या. १९६७ साली त्यांनी दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाची धुरा सांभाळली. १९८१ साली फाउंडेशनचे स्वतःचे रुग्णालय, नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट, उभे राहिले. संस्थेच्या स्थापनेपासून रुग्णालयापर्यंत एकोणीस वर्षे गेली, हे शिक्षणसंस्था चालविणाऱ्या मंडळींना सांगावयास नको. १९६७ साली पद्मभूषण आणि १९९२ साली पद्मविभूषण ह्या किताबांनी त्यांचा गौरव झाला. ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुरुषांवरून काढलेले निष्कर्ष

इकडे दिल्लीत हे काम चालू होते, तिकडे अमेरिकेतील संशोधन मात्र पुरुषांभोवतीच फिरत होते. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवावे, अशी सूचना १९७७ साली तेथील औषध प्रशासनाने काढली. पोटातील बालकास अपाय होऊ नये हा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, औषध स्त्रियांनी घ्यावयाचे, पण त्याची परीक्षा पुरुषांवर व्हावयाची. हृदयविकाराची कारणे कमी केल्यास काय होते हे पाहणाऱ्या एका मोठ्या प्रयोगात १२,८६६ व्यक्ती होत्या. सर्व पुरुष. ॲस्पिरिनच्या गोळीने झटका टळतो काय हे पाहण्यासाठी २२,०७१ डॉक्टरांवर प्रयोग झाला. तेही सर्व पुरुष. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा अनुकूल निष्कर्ष आला आणि साऱ्या जगाने तो उचलून धरला.

१९९१ साली ह्या प्रकारास वाचा फुटली. एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास एकाच अंकात आले. हृदयविकार असूनही स्त्रियांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुरुषांपेक्षा कमी होतात, असे त्यांत दिसून आले. त्यावर डॉ. बर्नाडिन हीली ह्यांनी संपादकीय लिहिले. त्या स्वतः हृदयतज्ज्ञ होत्या, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थांच्या पहिल्या महिला प्रमुख म्हणून त्याच वर्षी त्यांची नेमणूक झाली होती. आपल्या लेखाला नाव देताना त्यांनी 'येंटल' ह्या मुलीचा आधार घेतला. येंटल ही आयझॅक बाशेविस सिंगर ह्या लेखकाच्या कथेतील ज्यू मुलगी. तिला धर्मग्रंथ शिकावयाचे असतात, पण मुलींना ती परवानगी नसते. म्हणून ती मुलाचा वेष घेऊन शाळेत जाते. हीलीबाईंचे म्हणणे असे की, स्त्रीच्या हृदयविकाराचेही तसेच आहे. पुरुषासारखाच विकार आपणासही झाला आहे हे तिने सिद्ध केले, म्हणजेच जणू पुरुषाचा वेष घेतला, तरच तिच्यावर पुरुषासारखे उपचार होतात.

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत ही उपमा विशेष बोलकी वाटते. शाळेत शिरावयास वेष बदलावा लागणे आणि दवाखान्यात लक्ष वेधण्यास वेष बदलावा लागणे, ह्या दोहोंचे मूळ एकच आहे. मुलगी गणतीत नसणे, हे ते मूळ होय.

हीलीबाई नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. त्यांच्या पुढाकाराने पन्नास ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या १,६१,८०८ स्त्रियांचा प्रचंड अभ्यास सुरू झाला. १९९३ साली संशोधनात स्त्रियांचा समावेश करण्याविषयी अमेरिकेत कायदाच झाला. त्याची फळे लवकरच दिसली. पाळी बंद झाल्यावर स्त्रियांना संप्रेरकांच्या गोळ्या दिल्यास हृदयाचे रक्षण होते, असा समज वर्षानुवर्षे होता. १६,६०८ स्त्रियांवरील प्रयोगात उलटेच दिसले. फायद्यापेक्षा धोका अधिक आढळल्यामुळे तो भाग २००२ साली मुदतीपूर्वी थांबवावा लागला. २००५ साली ॲस्पिरिनचाही निकाल लागला. ३९,८७६ निरोगी स्त्रियांवर सुमारे दहा वर्षे केलेल्या प्रयोगात पक्षाघाताचे प्रमाण काहीसे घटले, पण पुरुषांत दिसलेला पहिला झटका टाळण्याचा लाभ एकंदर स्त्रियांत दिसला नाही. पुरुषांच्या मापाचे अंगरखे स्त्रियांना चढविण्याचा प्रकार किती चुकीचा होता, हे आकड्यांनीच सांगितले.

लाल पोशाखाची मोहीम

तज्ज्ञांना कळले तरी घरातल्या बाईला कळले काय? १९९७ साली अमेरिकेत केलेल्या एका पाहणीत, स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार आहे हे फक्त तीस टक्के स्त्रियांना माहीत होते. बहुतेकींना कर्करोगाची धास्ती वाटे.

ह्यावर पहिला उपाय रुग्ण स्त्रियांनीच केला. हृदयविकाराचा झटका सोसलेल्या तीन स्त्रियांनी १९९९ साली आपल्यासारख्या रुग्णांसाठी एक राष्ट्रीय संघटना काढली. २००२ साली तेथील सरकारी हृदय संस्थेने स्त्रियांसाठी जागृतीची मोहीम सुरू केली आणि तिचे चिन्ह म्हणून लाल पोशाख निवडला. अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश ह्यांनी मोहिमेचा प्रचार केला. २००४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने 'गो रेड फॉर विमेन' ही आपली मोहीम हाती घेतली. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी लाल कपडे घालावयाचे, कचेरीत, शाळेत, बाजारात हा विषय काढावयाचा आणि निधी जमवावयाचा, असे तिचे साधे स्वरूप आहे. १९६४ साली जिच्या राज्यशाखेच्या क्षेत्रात बायकांना नवऱ्यांची काळजी घ्यावयास शिकविले गेले, तीच ही चळवळ चाळीस वर्षांनी त्यांना स्वतःची काळजी घ्या म्हणून सांगू लागली. चूक कबूल करून दुरुस्त करणे हीसुद्धा संस्थेची प्रतिष्ठाच आहे.

व्यक्तीही पुढे आल्या. येंटलच्या कथेवर १९८३ साली ज्यांनी चित्रपट काढला, त्या गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँड ह्यांनी स्त्रियांच्या हृदयविकाराच्या संशोधनासाठी स्वतः मोठी देणगी दिली आणि इतरांकडूनही मिळविली. लॉस एंजेलिस येथील एका स्त्री-हृदय केंद्रास आज त्यांचे नाव आहे.

२०१२ सालच्या पाहणीत जाणकार स्त्रियांचे प्रमाण तीसवरून छप्पन्न टक्क्यांवर गेलेले आढळले. परंतु इतिहास येथे संपत नाही. २०१९ साली पुन्हा विचारले असता हेच प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांपर्यंत घसरलेले दिसले. तरुण स्त्रियांत आणि कृष्णवर्णीय व स्पॅनिश भाषक समाजांतील स्त्रियांत ही घसरण अधिक होती. तात्पर्य, जागृती ही एकदा करून ठेवावयाची वस्तू नाही. प्रत्येक नव्या पिढीला तो धडा पुन्हा द्यावा लागतो, आणि जे समाज अगोदरच मागे आहेत तेथे तो सर्वांत आधी विसरला जातो.

आपल्या घरातील धडा

ह्या विषयाकडे मी का वळलो, ते आता सांगितले पाहिजे. २०१३ च्या हिवाळ्यात एका पहाटे माझ्या अम्मीचा जबडा आणि पाठ दुखू लागली. मळमळ झाली, अंगाला घाम फुटला. ती म्हणाली, "पित्त झालंय, निजते जरा." आम्ही ओवा दिला, लिंबूपाणी दिले. मी तेव्हा नुकताच बी. एड. होऊन नोकरीस लागलो होतो. घरातला शिकलेला मुलगा मीच. दहा वाजण्यापूर्वी ती गेली. तीच पहाट, तेच दुखणे अब्बांचे असते, तर आम्ही शेजाऱ्याची रिक्षा दारात आणून उभी केली असती. ह्यात दोष कोणा परक्याचा नाही. अम्मीलाही हृदय आहे, हे मला शिकवावयाचे राहून गेले होते.

छातीत दुखणे किंवा दडपण हे स्त्रियांतही मुख्य लक्षण आहे. पण त्याच्या जोडीला, आणि कधी त्याच्याविना, जबडा, मान, पाठ किंवा हात दुखणे, दम लागणे, मळमळ, घाम आणि न समजणारा थकवा ही लक्षणे स्त्रियांत अधिक आढळतात. अशा वेळी ओवा-लिंबू करण्यात वेळ न दवडता १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्या स्त्रीला गरोदरपणात रक्तदाब किंवा मधुमेह झाला होता, तिला पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका अधिक असतो. बाळंतपण होऊन वीस वर्षे झाली तरी ही गोष्ट तिने डॉक्टरांना सांगावी.

धोका केवढा आहे? २०१९ साली जगात मरण पावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पस्तीस टक्के स्त्रिया हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेल्या. आशेच्या गोष्टीही आहेत. पद्मावतींनी १९५९ साली ज्या धुराकडे बोट दाखविले, तो धूर हटविण्यासाठी २०१६ साली उज्ज्वला योजना आली. तिच्यातील आठ कोटीवी गॅसजोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबाद येथे देण्यात आली. तरी सिलिंडर भरावयास पैसे नाहीत म्हणून पुन्हा चूल पेटते, हे आपण वस्तीत पाहतो. शाळकरी मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. संधिवाताच्या तापातून होणारा हृदयविकार त्याच्या यादीत आहे. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. सोयी आहेत. त्या मागावयास आपण गेले पाहिजे.

म्हणून माझ्या काही नम्र सूचना आहेत. पालकसभेच्या दिवशी एका वर्गात रक्तदाब मोजण्याची सोय करावी, आणि सभेला आलेल्या प्रत्येक आईचा रक्तदाब वहीत लिहून द्यावा. आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येईल त्या दिवशी एकाही मुलीने गैरहजर राहू नये. मुलीचा घसा वारंवार दुखत असेल, सांधे सुजत असतील, तर हळदीच्या दुधावर न भागवता तिला डॉक्टरांकडे न्यावे. संस्थेने एक छोटा 'माता आरोग्य निधी' उभारावा. स्मरणिकेतील एका जाहिरातीच्या रकमेने त्याची सुरुवात होऊ शकेल. त्यातून तपासणीसाठी शहरात जाण्याचे भाडे आणि गोळ्यांचा खर्च गरजू मातांना द्यावा. पाहणी, माहिती आणि निधी ह्या तीन पायऱ्यांनीच दिल्लीतील आणि अमेरिकेतील कार्य उभे राहिले. आपणासही त्याच पायऱ्या चढावयाच्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गृहपाठ आहे. आज घरी गेल्यावर अम्मीला विचारा, "तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?" ती म्हणेल, "मला काय धाड भरलीय?" हे उत्तर खरे मानू नका. पुन्हा विचारा, आणि तिला दवाखान्यात घेऊन जा. मी विचारले नव्हते.